स्मशानातलं घरी नेत नाहीत

"सर, आवरा आता. दुसरी बॉडी आलीया," मालनबाई मागून हळूच म्हणाल्या, आणि कै. अण्णासाहेबांच्या कार्याचा आढावा मला त्यांच्या वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीच थांबवावा लागला. उरलेली एकतीस वर्षं मी 'अशा या बहुआयामी व्यक्तिमत्त्वाला' एवढ्यात गुंडाळली, दोन मिनिटं स्तब्धता पाळायला सांगितली आणि ती चाळीस सेकंदांत उरकली.

आमच्या गावात स्मशानातली शोकसभा हा माझा प्रांत होता. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायचो, जिल्ह्याच्या दैनिकात दर रविवारी 'आडवी रेघ' नावाचं विनोदी सदर लिहायचो, आणि माझा आवाज माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. एवढ्या भांडवलावर कुणालाही मृतांचं सूत्रसंचालन मिळतं. सदरात मी नगरपालिकेला असा झोडपायचो की लोक मला धाडसी समजत. मीही समजायचो.

लाकडं होती तोवर बोलायला तास-दीड तास मिळायचा. गॅसदाहिनी बसली आणि वक्त्यांवर संक्रांत आली. त्यातून दाहिनीचे नियम असे की काच, प्लॅस्टिक, धातू आत चालत नाही. पेसमेकर तर मुळीच नाही, तो फुटतो. त्यामुळे माणूस आत सरकवण्याआधी त्याच्या अंगावरचे हार, चष्मा, घड्याळ, कवळी, सगळं उतरवावं लागे, आणि ते काम ऑपरेटरचं. ऑपरेटर म्हणजे मालन तुपसौंदर. नवरा नगरपालिकेत वायरमन होता, खांबावरून पडून गेला. त्याच्या जागी बाईंना घ्यायचं ठरलं तेव्हा नेमकी हीच एक जागा निघाली, कारण तिच्यासाठी दुसऱ्या कुणाचा अर्ज नव्हता. घेतलं तेही रोजंदारीवर. कायम करण्याचा प्रस्ताव चार वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता, आणि येत्या फेब्रुवारीच्या सर्वसाधारण सभेत तो नक्की येणार, असं त्यांना चौथ्यांदा सांगण्यात आलं होतं. घरी आठवीतली एक मुलगी. आमच्याकडे बायका स्मशानात येत नाहीत. मालनबाई येत, कारण त्यांची ड्युटी होती.

तर अण्णासाहेबांना अर्ध्यावर सोडून मी पाणी मागायला ऑपरेटरच्या खोलीत गेलो. समोर भिंतीवर एक चंद्रकोर होती. वाळून तपकिरी झालेल्या निशिगंधाच्या दाट काळोखात मोत्यासारखी चमकणारी चंद्रकोर. जवळ गेल्यावर कळलं, वरची कवळी आहे.

"निशिगंध वाळला की तंबाकूगत दिसतो," तांब्या पुढे करत मालनबाई म्हणाल्या. "झेंडू रंग सोडत न्हाई. गुलाब काळा पडतो. पन काळा बी लागतोच की."

प्लायवुडच्या तुकड्यांवर चिकटवलेली अशी अकरा चित्रं होती. शेवंतीच्या शेतात साचलेलं पाणी म्हणजे चष्म्याच्या दोन काचा. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची चंदेरी नदी. शालीच्या जरीचं ऊन. कानात घालायचं यंत्र गोगलगाय होऊन झेंडूच्या पाकळीवर चढत होतं. मी कलासमीक्षक नाही, पण वाईट चित्र बघून माणसाला बरं वाटतं एवढं मला ठाऊक आहे. ही बघून बरं वाटत नव्हतं.

"हे तुम्ही केलंत?"

"मग कोन करनार वो? हितं येनारी बाकीची मानसं काय करत न्हाईत."

"आणि फुलं कुठे वाळवता?"

"दाहिनीच्या मागल्या भिंतीला. दोन दिसांत कडक. उन्हात ठिवली तर रंग उडतो."

मी तांब्या खाली ठेवला.

"पण हे सगळं करायचं कशाला?"

"मग काय करू सांगा? घरचे न्हेत न्हाईत. स्मशानातलं घरी नेत न्हाईत म्हंत्यात. घंटागाडीवाले हात लावत न्हाईत. पोत्यावर पोतं भरतंय. नदीत टाकावं तर तुमीच पेपरात लिवनार."

मी खरंच दोनदा लिहिलं होतं.

प्रत्येक चित्राच्या पाठीमागे पेन्सिलीने नाव आणि तारीख होती. सातव्या चित्रात मधोमध एक राखी होती, घरी केलेली. जुन्या सीडीचे तुकडे कापून, गोल रचून केलेलं फूल आणि भोवती हिरव्या बांगडीची बारीक काच. तिच्याभोवती पांढऱ्या शेवंतीच्या पाकळ्या अशा लावल्या होत्या की राखीतून त्या बाहेर उडाल्यासारख्या वाटत. मागे लिहिलं होतं : तुषार गुंजाळ, १४ सप्टेंबर.

"हा तर आमच्या कॉलेजचा पोरगा," मी म्हणालो. एस.वाय.चा. ट्रकखाली गेला होता. त्याच्याही शोकसभेला मीच होतो. एकोणीस वर्षांच्या कार्याचा आढावा घेताना माझी तारांबळ उडाली होती.

"तोंडाकडं बघवत न्हवतं," मालनबाई म्हणाल्या. "चुलत्यानं बांधूनच आनलं हुतं. मी निस्तं घड्याळ हाय का बघायला फडकं सारलं. ह्यो एक हात तेवढा नीट. आन राखी जशीच्या तशी. सीडी चालत न्हाई आत, वितळती. म्हनून सोडली. चुलत्याला म्हन्लं, घिऊन जावा, घरी बहीन असंल. तर म्हनला, टाका कुठं बी."

मला त्या क्षणी जी कल्पना सुचली ती चांगली होती, असं मला अजूनही वाटतं. एवढंच की ती मला सुचायला नको होती. दर जानेवारीत आमच्या वाचनालयाच्या सभागृहात नगरपालिकेतर्फे 'टाकाऊतून टिकाऊ' प्रदर्शन भरायचं. शहाळ्यांची माकडं, बाटल्यांच्या बाहुल्या, लग्नपत्रिकांचे गणपती. मी निवड समितीवर होतो.

"ही चित्रं तिथे लावू या," मी म्हणालो.

"न्हाई सर. ह्ये भाईर न्यायचं नसतं."

"अहो, लोकांना कळू दे, कायम करायला चार वर्षं टाळताहेत ती बाई कोण आहे. सभेच्या आधी दहा-बारा दिवस पेपरात फोटो येऊ दे. मग बघू कोण प्रस्ताव अडवतो ते."

त्यांनी तांब्या उचलून पदराने पुसला. कायम हा शब्द त्यांच्यासमोर काढला की त्यांचे हात असंच काहीतरी काम शोधत.

"मग एक करा," तांब्या जागेवर ठेवत म्हणाल्या. "ज्येंचं हाय त्येंच्या घरी आदी इचारू. नावं हायतच मागं. आन खाली चिठ्ठीवर खरं लिवा, कुटनं आनलं त्ये. ज्येंना बघायचं त्ये बघतील."

"अकरा घरी जाऊन विचारायचं? अकरा नकार येतील. आधी बघू दे त्यांना. आवडलं की मग सांगू."

"आन आदीच कळलं तर?"

"मी आहे ना."

हे वाक्य मी आवाज न चढवता म्हणालो होतो. ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्याची गरज नव्हती.

चिठ्ठ्या मीच केल्या. सातव्या चित्राखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'बंध. माध्यम : वाळलेली फुलं व दैनंदिन टाकाऊ वस्तू.' दैनंदिन या शब्दावर मी खूश होतो. आमच्या गावात रोज सरासरी एक तरी जातच होता.

उद्घाटन नगरसेवक भाऊसाहेब गुंजाळांच्या हस्ते झालं. तुषारचे चुलते. हे मला माहीत होतं आणि मी काहीच केलं नाही. उद्घाटक फीत कापतात, चहा घेतात आणि चित्रं न बघता जातात, या अनुभवावर मी विसंबलो. भाऊसाहेबांनी फीत कापली, चहा घेतला आणि गेले. अनुभव बरोबर निघाला.

पहिले दोन दिवस गर्दी मालनबाईंच्या भिंतीपाशीच होती. चंद्रकोर बघून महिला मंडळाच्या अध्यक्षा म्हणाल्या, "अगदी वरच्या दर्जाचं काम आहे हो. हे पांढरं काय, शिंपले का?" मी म्हणालो, "तसंच काहीसं." मालनबाई धुवून कडक इस्त्री केलेल्या साडीत भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि कुणी जवळ आलं की हात पाठीमागे घेत होत्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला. मुख्याधिकारी स्वतः येऊन "वा, वा, आपल्याच कर्मचारी" म्हणून गेले. मालनबाई मला म्हणाल्या, "सर, सायेब 'कर्मचारी' म्हन्ले. रोजंदारीवाल्याला तसं म्हनत्यात का?"

"नाही म्हणत," मी म्हणालो. त्या पहिल्यांदाच हसल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुनंदा गुंजाळ आल्या. तुषारची आई. प्राथमिक शाळेत शिक्षिका, चौथीची चाळीस पोरं दोन-दोनच्या रांगेत घेऊन आलेल्या. पोरं माकडांपाशी रमली. बाई भिंतीच्या कडेने एक-एक चित्र बघत सातव्यापाशी आल्या आणि थांबल्या. मी चार खुर्च्या पलीकडे होतो. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी पदराने हात पुसले आणि एक बोट राखीवर ठेवलं.

"सर," त्या म्हणाल्या, "ही कुठून आणली?"

"टाकाऊ वस्तूंमधून," मी म्हणालो. चिठ्ठीवर तेच होतं.

"ही आमच्या मेघनाने केलेली आहे. बांगडी माझी आहे." त्यांनी खिळ्यावरून चित्र उतरवलं, उलटं केलं, मागचं नाव वाचलं आणि चित्र छातीशी धरलं. मग त्यांनी मालनबाईंकडे बघितलं. मालनबाई त्यांच्याकडेच बघत होत्या. त्या दोघींना एकमेकींशी काही बोलायचं होतं, हे चौथीतल्या पोराच्याही लक्षात आलं असतं. पण तेवढ्यात कुणीतरी भाऊसाहेबांना फोन केला होता, आणि त्यांचं ऑफिस समोरच होतं.

पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं. भाऊसाहेबांनी येताच बाकीची चित्रं उलटी केली आणि नावं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. अकरा नावं. गाव लहान. चौथ्या नावाला मागून एक बाई "अगं बाई, मामंजी!" म्हणून मटकन खाली बसली. महिला मंडळाच्या अध्यक्षांना चंद्रकोर कशाची आहे ते समजलं आणि त्या बेसिनकडे धावल्या. भाऊसाहेबांचा चेहरा लाल होता, पण तो नुसता राग नव्हता. घरच्यांना त्यांनी सांगितलं होतं की पोराच्या अंगावरचं सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने नदीत सोडलं.

"मढ्याच्या अंगावरचं काढून भिंतीला टांगतीस?" ते मालनबाईंवर ओरडले. "वाचनालयात? लेकरं येतात इथं!"

"भाऊसाहेब, मी तुमास्नीच इचारलं हुतं, घिऊन जावा म्हनून," मालनबाई म्हणाल्या.

"खोटं बोलू नकोस! आणि इथं लावायला कुणी सांगितलं तुला?" ते माझ्याकडे वळले. "आठल्येसर, निवड समितीवर तुम्ही. तुम्हाला माहीत होतं हे?"

भाऊसाहेब आमच्या महाविद्यालयाच्या व्यवस्थापन समितीवर होते. ते कारण म्हणून पुढे करणं सोयीचं आहे. पण खरं म्हणजे त्या वेळी मला समिती आठवलीसुद्धा नाही. साठ-सत्तर माणसं माझ्याकडे बघत होती, मी बोलण्याची वाट बघत होती, आणि अशा वेळी काय बोललं की सभा सुरळीत पार पडते, एवढंच मला आयुष्यात येत होतं.

"नाही," मी म्हणालो. "मला काहीच कल्पना नव्हती. बाईंनी आम्हाला सांगितलं नाही."

आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

मालनबाईंनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग त्या भाऊसाहेबांना म्हणाल्या, "सरांना ठावं न्हवतं. मी न्हवतं सांगितलं."

भाऊसाहेबांनी सुनंदाबाईंच्या हातातलं चित्र ओढलं. "वहिनी, द्या ते. अशुभ आहे." त्यांनी सोडलं नाही. एका बाजूने दीर आणि एका बाजूने भावजय, मध्ये प्लायवुड, असं थोडा वेळ चाललं. चौथीतली पोरं रांग मोडून बघत होती. शेवटी शेवंतीच्या पाकळ्या गळायला लागल्या तेव्हा बाईंनीच हात काढून घेतले.

संध्याकाळी अकराही चित्रं टोपलीत घालून नदीत सोडली. राखीसकट. सभागृहाची शुद्धी झाली. गुरुजींनी गोमूत्र शिंपडताना संदर्भ विभागावर हात जरा सैल सोडला. एवीतेवी तिकडे कुणी फिरकत नसे. नदीचं प्रदूषण या विषयावर मी त्या वेळी लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मालनबाईंच्या राहत्या खोलीवर गेलो. त्यांची मुलगी दारात अभ्यास करत होती, तिने मला बघून पुस्तक मिटलं आणि आत गेली.

"मी जाऊन सांगतो," मी म्हणालो. "मुख्याधिकाऱ्यांना. लेखी देतो. सगळं माझ्या सांगण्यावरून झालं म्हणून."

"कवा?"

"उद्या."

"बरं," त्या म्हणाल्या. चहा टाकला. मी तो पिऊन उठलो. निघताना म्हणाल्या, "सर, तुमी त्या टायमाला गप ऱ्हायला असता तरी चाललं असतं. माजं मी निस्तरलं असतं. पन तुमी बोलला."

उद्या मला दोन तास होते, परवा परीक्षा समितीची बैठक. त्या आठवड्याचं सदर मी बसस्टँडसमोरच्या खड्ड्यांवर लिहिलं. फार गाजलं. फेब्रुवारीच्या सर्वसाधारण सभेत श्रीमती तुपसौंदर यांना कायम करण्याचा विषय वगळण्यात आला आणि एक तारखेपासून त्यांना कामावरून कमी केलं. त्या मुलीला घेऊन गाव सोडून गेल्या. जतकडे भाऊ आहे, असं कुणीतरी म्हणालं. मी जास्त चौकशी केली नाही, कारण पत्ता मिळाला असता.

एप्रिलमध्ये, भर दुपारी, सुनंदा गुंजाळ आमच्या घरी आल्या. बायकोने सरबत दिलं आणि चेहरा बघून ती आत निघून गेली.

"सर, त्या बाई कुठे असतात आता?"

"गाव सोडून गेल्या. पत्ता नाही माझ्याकडे."

"मी स्मशानात गेले होते काल. पहिल्यांदाच. तिथे आता दुसरा माणूस आहे, त्यालाही माहीत नाही." त्यांनी पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "मला त्यांच्यावर राग नाही हो. मला त्यांना एकच विचारायचं होतं. घरी आणला तेव्हा भाऊजींनी आम्हाला बघूच दिलं नाही. बांधलेलंच होतं. नुसते पाय दिसले. म्हणजे शेवटचं असं त्याला बघितलं ते त्या बाईंनीच. बाईमाणूस होती, नीट बघितलं असेल." त्यांनी पेल्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "राखीला एक ओरखडा नव्हता. मी बोट फिरवून बघितलं ना. म्हणजे हात तरी नीट असणार. असेल ना?"

"हो," मी म्हणालो. "हात नीट होता. मालनबाईंनी सांगितलं होतं मला."

"आणि चेहरा?"

हजारभर शोकसभांचा सराव असलेला माणूस अशा वेळी अडखळत नाही. "शांत होता," मी म्हणालो. "झोपल्यासारखा, असं म्हणाल्या."

सुनंदाबाईंच्या खांद्यांमधून काहीतरी सैल होत गेलं. सरबताचा एक घोट त्यांनी घेतला. मग पेला हळूच टीपॉयवर ठेवला. त्या तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासत होत्या.

"कधी सांगितलं त्यांनी?"

"तेव्हाच. चित्र दाखवलं तेव्हा."

"म्हणजे प्रदर्शनाच्या आधी."

मी टीपॉयवरचा पेला जरा पलीकडे सरकवला.

"तुम्ही तर सगळ्यांसमोर म्हणालात, मला काहीच कल्पना नव्हती. त्या बाईंची नोकरी त्याच्यावर गेली." आवाज मुळीच चढलेला नव्हता. चौथीतल्या पोराला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही खोटं त्या दिवशी बोललात की आत्ता बोलताय?"

आतल्या खोलीत बायकोचं भांडं वाजायचं थांबलं.

"त्या दिवशी," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना माझ्याविषयी काय वाटलं असेल ते मला स्पष्ट दिसत होतं, आणि ते लपवायची तसदी त्यांनी घेतली नाही. मग त्या उठल्या, पिशवी खांद्याला अडकवली आणि दारात चपला घालताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या,

"म्हणजे चेहरा शांत होता."

"हो," मी म्हणालो.